गोव्यातलं लग्न आणि मशीनच्या डोक्यातला माड

माणकुराद
रविवार, रात्री ९.४०

मावसबहिणीचं लग्न ठरलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिकेसाठी चित्र हवं होतं, म्हणून चित्रं काढून देणाऱ्या एका एआय अ‍ॅपला सांगितलं, "गोव्यातलं लग्न". चार चित्रं आली. चारही समुद्रावर. नवरी पांढऱ्या गाउनमध्ये, नवऱ्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी, मागे माड, आणि एका चित्रात शहाळ्यात खोचलेली कागदी छत्री.

आमचं लग्न फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभागृहात आहे. साडेअकराचा मुहूर्त, पंगतीला मुगागाठी आणि खतखतं, बहिणीच्या केसांत अबोलीचा वळेसर. समुद्र तिथून तासभर लांब.

मग लिहिलं, "गोव्यातल्या देवळातलं लग्न". देऊळ आलं, पण दाक्षिणात्य गोपुराचं, आणि तेही वाळूत! तिसऱ्यांदा सगळं समजावून सांगितलं: कौलारू छप्पर, घुमट, पुढ्यात पांढरा दीपस्तंभ, बाजूला तळी. घुमट बरोबर आला. त्याच्यावर क्रॉस होता.

घरात हसून हसून पुरेवाट झाली. रात्री मात्र डोकं चालू राहिलं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिश्चन, ८ टक्क्यांच्या वर मुस्लिम आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, आमचा फोंडा, या तालुक्यांना समुद्रच नाही. मग मशीनला हा गोवा दाखवला कुणी?

मी बारावीला गणित शिकवते, त्यामुळे उत्तर मला आकड्यांतच सापडतं. या मशीनला मुद्दाम कुणी काही शिकवलेलं नाही. नेटवरचे फोटो आणि त्यांच्याखालच्या ओळी त्यानं कोट्यवधींनी पाहिल्या. फोटोखाली "गोवा" कोण लिहितं? जो चार दिवसांसाठी येतो तो. माझी मावशी लेकीच्या लग्नाच्या फोटोखाली "गोव्यातलं लग्न" असं कधी लिहिणार आहे का? ती लिहिणार "आमच्या बायचं लग्न". राहणारा माणूस स्वतःला लेबल लावत नाही, म्हणून मशीनच्या लेखी तो नसतोच.

तुमच्यावर अशी छाप बसल्याचे, किंवा तुम्हीच दुसऱ्यावर मारल्याचे, अनुभव असतील तर लिहा. दुसरा भाग विसरू नका.

---

बेतुलचा_वारा
रविवार, रात्री ९.५८

क्रॉसवाला घुमट :)) तो फोटो टाकाच.

---

पुणेरी_छत्री
रविवार, रात्री १०.२१

गोव्याला तरी समुद्र मिळतो. "रेस्ट ऑफ वर्ल्ड" या संकेतस्थळानं २०२३ साली मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयकडून ३,००० चित्रं काढून घेतली होती. "भारतीय माणूस" म्हटलं की जवळजवळ दर वेळी दाढीवाला म्हातारा, डोक्याला बहुधा पागोटं. आमच्या सोसायटीत असं कुणी नाही. एक आजोबा आहेत, पण ते रोज दाढी करतात.

---

इंजिनरूम
रविवार, रात्री ११.१५

जहाजावरून लिहितोय, नेट येतं-जातं.

घर गोव्यातल्या साखळी गावाला. आजोबा वारकरी, घरात माळ, बाटली कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात हॉस्टेलवर गेलो. पहिल्याच रात्री रूममेटनं विचारलं, "गोव्याचा ना? मग कुठली चांगली?" त्याला ब्रँड विचारायचा होता. मला वाटलं मेस विचारतोय.

पुढे तेच. फ्रेशर्स पार्टीची "व्यवस्था" माझ्याकडे. सुट्टीवरून आलो की बॅग आधी मित्र उघडायचे आणि आईनं दिलेले नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे बघून हिरमुसायचे. "तू कसला रे गोव्याचा" हे वाक्य चार वर्षांत किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. गिटार येत नाही, पोहता येत नाही, आडनाव फर्नांडिस नाही. जणू मी कुणाची तरी फसवणूक करत होतो.

तिसऱ्या वर्षी प्यायला लागलो. जबरदस्ती कुणी केली नाही. रोज नाही म्हणून दमलो, एवढंच. सुट्टीत घरी आलो तेव्हा आजोबांना वास आला. ते काही बोलले नाहीत, पंढरपूरला जाताना मला न्यायचे ते त्या वर्षी नेलं नाही.

आता इंजिनरूममध्ये आहे. नवीन माणूस चढला आणि मी गोव्याचा हे कळलं की अजूनही विचारतो, "बारमध्ये कधीपासून?"

---

माणकुराद
रविवार, रात्री ११.३२

@इंजिनरूम, दोनदा वाचलं. आजोबा आहेत?

---

इंजिनरूम
सोमवार, पहाटे ४.१०

नाहीत. माझं सुटलंय, ते त्यांनी पाहिलं. बरं झालं.

---

सरळसोट
सोमवार, सकाळी ७.०५

धागा चांगला आहे पण जरा रडका वाटतोय. आगीशिवाय धूर निघत नाही. माणसाचे समज अनुभवातून बनतात. तवा तापलेला असतो हे एकदा चटका बसल्यावरच कळतं, दर वेळी नवा चटका कोण घेणार?

आता दुसरा भाग विचारलात म्हणून स्पष्ट लिहितो. घाटी, म्हणजे घाटापलीकडून आलेल्या, लोकांमुळे गोव्यात चोऱ्या वाढल्या. पेपर उघडा, रोज "परप्रांतीयास अटक". ही छाप नव्हे, बातमी आहे.

---

मत्स्यगंधा
सोमवार, सकाळी ७.३०

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (पॉपकॉर्न नाही, उकड्या तांदळाची पेज आहे.)

---

माणकुराद
सोमवार, दुपारी १.५० (जेवणाची सुट्टी)

@सरळसोट, तवा सगळ्यांचा तापतो, तो तव्याचा धर्मच आहे. माणसांचा धर्म तसा सांगता येत नाही. पण तुमचा पेपरचा मुद्दा चांगला आहे, त्यावरच लिहिते.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७६ सालचा एक प्रयोग आहे. मी वर्गात संभाव्यता शिकवताना तो वापरते, कारण आकडे अगदी सोपे आहेत. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. २६ वाक्यं "अ" गटातल्या माणसांबद्दल, १३ "ब" गटातल्यांबद्दल. "अ" ची १८ वाक्यं चांगल्या वागण्याची, ८ वाईट. "ब" ची ९ चांगली, ४ वाईट. भागून बघा. दोन्हीकडे प्रमाण एकच, ९ ला ४. गटांना नावंसुद्धा नव्हती, म्हणजे आधीचा राग-लोभ असायचा प्रश्नच नाही.

नंतर विचारलं तेव्हा लोकांना "ब" गट जास्त वाईट वाटला. "ब" ची वाईट वाक्यं त्यांना होती त्यापेक्षा जास्त आठवत होती.

का? "ब" कमी वेळा भेटतो, म्हणून नजरेत भरतो. वाईट वागणंही कमी असतं, म्हणून तेही नजरेत भरतं. नजरेत भरणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मन त्यांची गाठ मारून ठेवतं. चटका कुणालाच बसला नव्हता, नुसतं वाचून झालं हे.

आता तुमचा पेपर. "परप्रांतीयास अटक" तुम्ही वाचता. "गोमंतकीयास अटक" असा मथळा शेवटचा कधी वाचलात? आपल्यातला पकडला की तो "म्हापशातील युवक" असतो, नाहीतर "संशयित". माझ्या मावशीच्या फोटोसारखंच. घरच्याला लेबल लागत नाही, त्यामुळे त्याचा हिशेबही होत नाही.

घंटा झाली. बाकी नंतर.

---

वास्कोचा_झील
सोमवार, दुपारी ३.१२

"घाटी" मधला मीच तो.

आजोबा विजापूरकडून मुरगाव बंदरावर कामाला आले. बाबांचा जन्म इथला, माझाही. राहतो झुआरीनगरला. कोंकणी माझी मराठीपेक्षा बरी आणि कन्नड मराठीपेक्षा वाईट. मामाच्या गावी गेलो की तिकडची पोरं मला "गोवा" म्हणूनच हाक मारतात आणि समुद्रात रोज पोहतोस का विचारतात.

मडगावात खोली बघत होतो. फोनवर मालकाशी सगळं कोंकणीत ठरलं, भाडं, पागोळ्याखाली बाईक लावायची जागासुद्धा. ते म्हणाले, "ये रे बाबा, आपलोच मनीस." दारात उभं राहून आडनाव सांगितलं आणि खोली कालच गेली असल्याचं त्यांना आठवलं.

भांडलो नाही. माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं, प्यायला दिलं. पायऱ्या उतरताना मी मनात आडनावाचे दुसरे उच्चार करून बघत होतो.

---

दर्यावर्दी_नात
सोमवार, दुपारी ४.००

@सरळसोट, माझ्या आजीकडून ऐकलेलं सांगते. तिचे भाऊ मुंबईत गावच्या कूडमध्ये (गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात) राहून बेकरीत राबायचे, रात्री दोनला उठून. मुंबईकर त्यांना "माकापाव" म्हणून चिडवायचे. तिथे ते परप्रांतीय होते. आणि इकडे त्याच गोंयकाराला सगळा देश "सुशेगाद" म्हणजे आळशी म्हणतो. पोर्तुगीज "सोसेगादु" चा अर्थ निवांत, शांत. आळस त्यात आपला आपण घातला, आता टीशर्टावर छापून विकतो.

आणि घाटी म्हणाल तर मुंबईत तो शब्द साताऱ्या-कोल्हापूरच्या मराठी माणसालाही लावतात. या संस्थळावरचे अर्धे लोक कुणाच्या ना कुणाच्या लेखी घाटी आहेत.

---

पुणेरी_छत्री
सोमवार, दुपारी ४.०४

उरलेले अर्धे सदाशिव पेठी.

---

फ्रंट_ऑफिस
सोमवार, रात्री ८.४५

नाव बदललेला आयडी आहे, कारण नोकरी करायची आहे.

एका मोठ्या हॉटेलात मनुष्यबळ विभागात होतो, कुठलं ते विचारू नका. सीझनच्या आधी दीड-दोन हजार अर्ज येतात. ते चाळायला सॉफ्टवेअर आणलं. ते प्रत्येक अर्जापुढे "योग्य विभाग" सुचवायचं. महिनाभरानं लक्षात आलं की पोर्तुगीज आडनावं फ्रंट ऑफिस आणि बारकडे जातायत, कर्नाटकातली आडनावं हाउसकीपिंगकडे, आणि बायका, मग त्या कुणीही असोत, स्पा नाहीतर रिसेप्शन.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, आम्ही आडनावाचा नियम घातलेलाच नाही. खरंच नव्हता. आमच्याच मागच्या आठ वर्षांच्या भरत्या त्याला शिकायला दिल्या होत्या. ज्यांना आम्ही जिथे घेतलं, तिथेच ते पाठवत होतं. मी गंमत म्हणून एकच अर्ज दोनदा भरला, शिक्षण तेच, अनुभव तोच, आडनाव आणि मूळ गाव तेवढं वेगळं. विभाग बदलला.

सगळ्यात लागलं ते पुढचं. आधी एखादा उमेदवार भांडायला यायचा, "मला हाउसकीपिंगला का टाकलं?" आम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागायचं, कधी कधी चूक कळायची. सॉफ्टवेअर आल्यावर आम्ही सांगायला लागलो, "सिस्टीमनं सुचवलंय." आणि तो गप्प परत जायचा. सिस्टीमशी कोण भांडणार?

अ‍ॅमेझॉनचंही असंच झालं होतं, २०१८ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेनं बातमी दिली होती. दहा वर्षांचे अर्ज शिकवले, ते बहुतेक पुरुषांचे. मशीन अर्जात "महिला" शब्द दिसला की गुण कापायला लागलं, महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार असली तरी. शेवटी ते गुंडाळलं.

---

माणकुराद
सोमवार, रात्री ९.३०

@फ्रंट_ऑफिस, तुमचा दोन आडनावांचा खेळ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर केला होता, मशीनशिवाय. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, पात्रता सारखी, नावं वेगळी. २००७ साली निष्कर्ष छापले. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ निघाली. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरचे गुरुजी बरेच जुने आहेत.

---

अबोली
सोमवार, रात्री १०.१२

अवांतर, पण फार नाही.

गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ साली कोंकणी आली. मी उत्साहानं वापरायला गेले. आपल्याकडे मुलीला "तें" म्हणतात, नपुंसकलिंगी: तें आयलें, तें शिकता. इंग्रजीत नेलं की तिची वस्तू होते की काय अशी भीती होती. उलट्या दिशेनं, इंग्रजीतून मराठीत येताना, वेगळीच अडचण निघाली. "मी गेलो" की "मी गेले" हे इंग्रजीत कळतच नाही, आणि मी जे जे मराठीत आणून पाहिलं त्यात बहुतेक "गेलो"च. वाक्यात स्वयंपाक आला की मात्र "करते"! आमच्याकडे बाबा सुंगटाचं हुमण (कोळंबीची आमटी) आईपेक्षा चांगलं करतात, पण हे मशीनला कोण सांगणार.

बोलून टाइप करायचं म्हणाल तर मी "माशेल" म्हटलं की फोन "मार्शल" लिहितो. वीस वेळा केलं. त्याच्या शब्दकोशात सेनापती आहे, माझं आजोळ नाही.

---

सरळसोट
मंगळवार, पहाटे ५.४०

झोप आली नाही, विमानतळाची पाळी होती. सगळं वाचलं.

मी टॅक्सी चालवतो. पेडण्याचा. आधी सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलंच नसतं. गोव्याचे टॅक्सीवाले लुटारू हे पहिलीतल्या पोरालाही पाठ आहे.

गिऱ्हाईक गाडीत बसायच्या आधी मोबाईलवर वाचून आलेलं असतं. बसल्या बसल्या बोलणं रेकॉर्ड करायला लागतं. गेल्या महिन्यात एका बाईंचा कॅमेरा मागच्या सीटवर राहिला. मी परत वीस किलोमीटर जाऊन दिला. त्यांनी रिव्ह्यू लिहिला, "आश्चर्य म्हणजे प्रामाणिक निघाला." पाच तारे दिले. ते "आश्चर्य म्हणजे" अजून टोचतंय.

आमच्यात जास्त पैसे घेणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण जो नेमके पैसे घेतो त्याच्यावर कोण लिहितं? ठरल्या जागी पोचलो, उतरलो, यावर रिव्ह्यू येत नाही. ताईंचा तो लेबलाचा मुद्दा मला इथे पटला.

घाटींबद्दल मात्र माझं मत लगेच बदललं असं समजू नका. @वास्कोचा_झील, तुझ्याबद्दल ते नव्हतं.

---

वास्कोचा_झील
मंगळवार, सकाळी ८.२०

माझ्याबद्दल कुणाचंच नसतं, पात्राव. मालकाचंही नव्हतं.

तरी कॅमेरा परत दिलात हे आवडलं.

---

सरळसोट
मंगळवार, सकाळी ८.४१

ते "आश्चर्य म्हणजे" सारखं झालं की रे!

---

वास्कोचा_झील
मंगळवार, सकाळी ८.४३

:) फिटांफीट.

---

जुळारी
मंगळवार, सकाळी ११.००

मुलीनं हा धागा वाचून दाखवला, तिच्याकडूनच टाइप करून घेतोय. वय ७९, म्हापसा.

तुम्ही ज्याला छाप म्हणता, इंग्रजीत स्टीरिओटाइप, तो आमच्या धंद्यातला शब्द. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिदो नावाच्या फ्रेंच मुद्रकानं तो रूढ केला. माणसांना तो शब्द लावला वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकारानं, १९२२ साली. मध्ये सव्वाशे वर्षं तो मुख्यतः छापखान्यातच होता. आणि हिंदुस्थानातला पहिला छापखाना आपल्या जुन्या गोव्यात, १५५६ मध्ये. निघाला होता अबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), राहिला इथेच. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मी सांगतो.

मी मुंबईत एका दैनिकात १९६८ ते १९८१ होतो. आम्ही खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, एकेक करून जुळवायचो. पान तयार झालं की त्यावर ओलसर पुठ्ठा ठेवून दाबायचा, त्याला फ्लाँग म्हणत. पुठ्ठ्यात सगळ्या अक्षरांचे खड्डे उठायचे. तो वाळवून, गोल वाकवून साच्यात घालायचा आणि त्यावर वितळलेलं शिसं ओतायचं, त्यात अँटिमनी आणि कथील. पाच मिनिटांत अख्ख्या पानाची एकसंध पाटी. हीच स्टीरिओटाइप. ती रोटरी छपाईयंत्रावर चढवली की हजारो प्रती. खिळे मोकळे, दुसऱ्या पानाला घ्यायला. म्हणून सगळ्यांना ती पाटी आवडायची. स्वस्त आणि झटपट.

अडचण एकच. खिळ्यांच्या पानात चूक दिसली तर चिमट्यानं अक्षर काढून दुसरं बसवता येतं. पाटीत नाही. तिथे अक्षरं सुटी नसतातच.

---

माणकुराद
मंगळवार, दुपारी १.४५

काका, देव बरें करूं. पाटी ओतल्यावर चूक सापडली तर काय करायचात?

---

जुळारी
मंगळवार, संध्याकाळी ६.१५

वेळ असेल तर पुन्हा जुळवून, पुन्हा ओतायचं. बहुतेक वेळा वेळ नसायचा.

एकदा गोव्यातल्या बस अपघाताची बातमी होती. मजकुरात वाळपईच्या जागी वळवई पडलं होतं. मुंबईत कुणाला फरक कळणार, मी गोव्याचा म्हणून माझ्या डोळ्यांत आलं. पाटी चढवत होते तेव्हा. फोरमन म्हणाला, "जाऊ दे, दोन्ही तिकडचीच." मी म्हटलं, वळवईच्या माणसांच्या घरी सकाळी रडारड होईल. त्यानं घड्याळ बघितलं, मग मला छिन्नी दिली. तेवढा शब्द खरवडून सपाट केला. नवीन घालायला जागा नव्हती, वेळही नव्हता.

सकाळच्या अंकात अपघात झाला, माणसं कुठल्या इस्पितळात नेली, सगळं होतं. गावाच्या नावाच्या जागी कोरं. दुपारपर्यंत कचेरीत फोन येत होते, कुठलं गाव म्हणून विचारायला. मी फोनपाशी बसून सांगत होतो, वाळपई.